अकरा आठवडे आणि एक खोली

बाहेरच्या खोलीतली खिडकीखालची भिंत तीन वर्षं पोपडे धरत होती. या भाड्याच्या घरात राहायला आलो त्याच वर्षी एका रविवारी मी तिच्यावर सरळ रंग लावला होता. खरवडलं नाही, पुट्टी भरली नाही, वाळू दिलं नाही. चार महिन्यांत तो रंग सुटून सालीसारखा लोंबायला लागला आणि तेव्हापासून मी त्या भिंतीकडे बघणंच सोडलं. तिच्यापुढे एक खुर्ची ठेवून दिली. जानेवारीत आई सहज म्हणाली, "कुणी येणार असलं की तू आधी ती खुर्ची नीट सरकवतेस आणि मग दार उघडतेस. लक्षात आलंय का तुझ्या?" आलं नव्हतं. त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

हे लिहून ठेवतेय ते एवढ्यासाठी, की सुरुवात कुठून करायची हेच मला कळत नव्हतं. जे व्हिडिओ पाहिले त्यांत खोली दहा मिनिटांत पालटते. माझी पालटायला अकरा आठवडे लागले, १ फेब्रुवारी ते २० एप्रिल. प्रत्यक्ष हात चालले ते तास वहीत मांडले, तर ते ४६ भरले. बाकीचा सगळा वेळ कशाची तरी वाट बघण्यात गेला. घरमालकांच्या उत्तराची, भिंत वाळण्याची, रंग पक्का होण्याची.

पैशांचं आधी सांगते. महिन्याच्या भाड्याच्या निम्मी रक्कम बाजूला काढली आणि त्याच्या वर जायचं नाही असं आईसमोर ठरवलं. हिशेब सोपा जावा म्हणून त्या रकमेचे मी शंभर भाग धरले. खाली आकडे येतील ते त्या भागांचे.

१ फेब्रुवारी, शनिवार. काहीही विकत घ्यायच्या आधी खोली मोजली. लांबी ४ मीटर, रुंदी ३, उंची २.८. चारही भिंती मिळून ३९.२ चौरस मीटर. दार आणि खिडकी वजा केली की साधारण ३५.५ उरतात. रंगाचे दोन हात म्हणजे ७१. डब्यावर लिहिलेलं असतं की एका लिटरमध्ये एका हाताला अमुक चौरस मीटर भिंत होते. मी पाहिलेल्या डब्यांवर १० ते १२ लिहिलं होतं. म्हणजे सहा ते सात लिटर रंग, आणि तेवढ्यातच माझे साठ भाग संपत होते. पुट्टी, प्रायमर (रंगाच्या आधी द्यायचा थर), ब्रश सगळं अजून बाकीच.

वही मिटून बसले होते तेव्हा आई म्हणाली, "बाकीच्या तीन भिंती खराब आहेत की नुसत्या मळल्यात?" दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात भांडी धुवायच्या साबणाचे थोडे थेंब टाकून, मऊ स्पंजने एक कोपरा पुसून पाहिला. खालचा रंग जसाच्या तसा होता. दोघींनी मिळून तीन तासांत तीन भिंती धुतल्या. पुसताना खालून वर जायचं. वरून सुरुवात केली की मळकट पाण्याचे ओघळ कोरड्या भिंतीवर उतरतात आणि त्यांचे डाग निघता निघत नाहीत. दिव्याच्या बटणांच्या आसपास ओलं फडकं नेलं नाही, तिथे कोरडं वापरलं. त्या एका सकाळीत माझा रंगाचा खर्च चौथ्या हिश्शावर आला, कारण रंगवायला खिडकीची एकच भिंत उरली. तिचे ११.२ मधून खिडकीचे १.८ वजा केले की ९.४ चौरस मीटर. दोन हातांना दोन लिटरचा डबा पुरेसा.

पण ती भिंत ओली का आहे, ते अजून कळायचं होतं. पहिल्या वर्षी मी चुकले ती इथेच. ओल आतून येते की बाहेरून, हे शोधायची एक बिनखर्चाची रीत आहे. शनिवारी सकाळी भिंतीचे सुटे पोपडे काढले, फडक्याने पुसून कोरडं केलं आणि ॲल्युमिनियम फॉइलचा एक-एक फूट चौकोन दोन ठिकाणी चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवला. ४८ तास तसाच ठेवायचा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर दव जमलं, तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर जमते आहे. मग खिडक्या उघडणं, कपडे आत न वाळवणं, एवढ्यानेही फरक पडतो. पण फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं, तर ओल भिंतीतूनच येते आहे. सोमवारी सकाळी कामावर निघायच्या आधी टेप काढला. खिडकीखालच्या फॉइलची पाठ ओलीचिंब होती. दारालगतच्या फॉइलची कोरडी.

बाहेरून बघितलं तेव्हा खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधला भराव दोन ठिकाणी तडकलेला दिसला. हे दुरुस्त करणं माझं काम नव्हतं. भाडेकराराचा कागद काढून वाचला. बांधकामाची दुरुस्ती घरमालकांकडे, आतला रंग आमच्याकडे पण त्यांच्या परवानगीने, असं त्यात स्पष्ट होतं. ३ फेब्रुवारीला रात्री त्यांना पत्र लिहिलं. फोनवर बोलायचा मोह होता, पण बोललेलं उरत नाही. पत्रात तीन गोष्टी मागितल्या: चौकटीची दुरुस्ती, एक भिंत रंगवायची परवानगी, पडद्याच्या दांडीसाठी भिंतीला भोकं पाडायची परवानगी. सोबत फॉइलचे, तड्यांचे आणि भिंतीचे फोटो जोडले, प्रत्येकावर तारीख घालून. तुम्हीही भाड्याच्या घरात असाल तर काम सुरू करायच्या आधीचे फोटो नक्की काढा. घर सोडताना अनामत रकमेवरून बोलणं निघतं तेव्हा तेच उपयोगी पडतात.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. सातव्या दिवशी मी एक नम्र आठवण पाठवली. १४ तारखेला लेखी होकार आला, अटींसह. रंग फिका हवा. भोकं चारपेक्षा जास्त नकोत. घर सोडताना ती बुजवून द्यायची. चार हा आकडा वाचून मी हिरमुसले, कारण मला खिडकीशेजारी दोन फळ्याही लावायच्या होत्या. पडद्याच्या दांडीला दोन आधार लागतात, प्रत्येकाला दोन स्क्रू. झाली चार. फळ्यांचा बेत तिथेच सोडला. १९ तारखेला त्यांनी पाठवलेला मिस्त्री आला आणि दीड तासात चौकटीभोवतीचा जुना भराव काढून नवा भरून गेला. जाताना तो म्हणाला, "ताई, आता घाई करू नका. भिंतीने वर्षानुवर्षं पाणी प्यायलंय."

या वाट बघण्याच्या काळात मी रिकामी नव्हते. ८ फेब्रुवारीला दादा आणि मी मिळून एक चार ड्रॉवरचं बसकं कपाट घरी आणलं होतं. त्याच्या ओळखीतलं एक कुटुंब घर बदलत होतं आणि उचलून नेणाऱ्याला ते फुकट देत होतं. फुकट असलं तरी लगेच हो म्हणू नका. ड्रॉवर बाहेर काढून आतल्या कोपऱ्यांत टॉर्च मारला. बारीक गोल भोकं आणि त्यांच्याखाली ताजी पिठासारखी पूड दिसली, तर लाकडात कीड जिवंत आहे. असं सामान घरात आणू नये, इतर लाकडालाही लागते. याला तसं काही नव्हतं. पाठीमागची फळी फुगलेली, एक पाय हलणारा आणि वर हिरव्या रंगाचा जाड थर.

हा हिरवा रंग किती जुना, ते देणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. इथे मी थांबले, आणि तुम्हीही थांबावं अशी कळकळीची विनंती. जुन्या तैलरंगांत शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, आणि अनेक देशांत ती त्याच्याही बरीच नंतर आली. असा रंग घासला की शिशाची धूळ उडते, जमिनीवर बसते, हातातून तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूवर तिचा परिणाम होतो आणि शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी तपासणीच्या कांड्यांचं पाकीट आणलं, सहा भागांना. इतक्या छोट्या वस्तूवर इतका खर्च करताना जिवावर आलं, पण तो करायलाच हवा होता. ब्लेडने रंगाला एक तिरका काप देऊन खालचे सगळे थर उघडे केले आणि त्यावर कांडी घासली. मागे, बाजूला आणि एका ड्रॉवरवर, अशा तीन ठिकाणी. रंग बदलला नाही. बदलला असता तर मी ते कपाट घासलं नसतं, परत पाठवलं असतं.

पुढचा प्रश्न, जुना रंग तेलाचा की पाण्याचा? कापसाला स्पिरिट लावून कोपऱ्यात चोळायचं. कापूस रंगला तर पाण्याचा, कोरा राहिला तर तेलाचा. माझा कापूस कोराच राहिला. तेलाच्या गुळगुळीत रंगावर पाण्याचा रंग थेट धरत नाही. आधी घासून खरखरीतपणा आणावा लागतो आणि मग चिकटून राहणारा प्रायमर लावावा लागतो.

९ तारखेला कपाट साबणाच्या पाण्याने दोनदा धुऊन वाळवलं. धुणं घासण्याच्या आधी, ही क्रमवारी महत्त्वाची. आधी घासलं तर हातांचा वर्षानुवर्षांचा तेलकट मळ पॉलिश पेपरने लाकडातच दाबला जातो. हलणारा पाय काढून, जुना गोंद खरवडून, नवा पांढरा गोंद लावून दोरीने घट्ट आवळला आणि २४ तास हात लावला नाही. मुठी काढून एका जुन्या पातेल्यात साबण घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर भिजवल्या. सकाळी त्यांच्यावरचा रंग टोकदार काडीनेच सुटला आणि खाली पितळ निघालं. तो क्षण मला अजून आठवतो. आईला हाक मारून दाखवलं. नव्या मुठींसाठी ठेवलेले नऊ भाग तिथे वाचले. ते पातेलं मात्र आता स्वयंपाकात परत जाणार नाही.

१५ आणि १६ फेब्रुवारी गॅलरीत घासण्यात गेले. पॉलिश पेपरच्या पाठीवर आकडा छापलेला असतो. आकडा जितका मोठा, कागद तितका बारीक. बाजू आणि ड्रॉवर नुसते खरखरीत करायचे होते, त्यांना १२० आणि मग १८० पुरला. वरची फळी मात्र मला लाकडापर्यंत उघडी करायची होती. तिला आधी ८०, मग १२०, १८०, शेवटी २२०. मधला आकडा गाळायचा नाही, नाहीतर जाड कागदाचे ओरखडे तसेच राहतात आणि तेल लावल्यावर उठून दिसतात. लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासायचं, आडवं नाही. कागद लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळला की जोर सारखा लागतो. मास्क लावायचा, साधा कापडी नाही तर बारीक धूळ अडवणारा. दोन दिवसांनी माझे दंड इतके दुखत होते की केस विंचरता येईनात, पण हिरव्या रंगाखालून बदामी लाकूड दिसायला लागलं होतं आणि मला थांबावंसं वाटत नव्हतं.

आणि मग मी घाई केली. २२ तारखेला प्रायमर आणि पहिला हात नीट झाला. २३ ला दुसरा हात द्यायचा होता. दोन ड्रॉवर राहून गेले होते, त्यांचा पहिला हातही त्याच सकाळी दिला. डब्यावर लिहिलं होतं, दोन हातांमध्ये चार तास. हवा ढगाळ होती. बोट लावलं तर कोरडं लागत होतं, म्हणून मी दोन तासांतच दुसरा हात दिला, तोही जाडसर. सोमवारी सकाळी ड्रॉवर कपाटात सारून कामावर गेले. बुधवारी उघडायला गेले तर ते चौकटीला चिकटले होते. जोर लावला. पुढच्या कडेचा रंग प्रायमरसकट निघून चौकटीवर राहिला.

मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. पहिल्या वर्षीची भिंत आठवली. आपल्याला हे जमतच नाही, असं वाटलं. आईने काही समजावलं नाही, फक्त ड्रॉवर एकेक करून बाहेर काढून वर्तमानपत्रावर मांडून ठेवले.

चूक समजून घेतली ती अशी. बोटाला कोरडा लागणं आणि आतून पक्का होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याचा रंग बोटाला तासा-दोन तासांत कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर रंगवलेल्या दोन बाजू एकमेकींना टेकल्या की चिकटतात. १ मार्चला दुखावलेल्या कडा २२० च्या कागदाने उतरत्या घासल्या, प्रायमर लावला, दुसऱ्या दिवशी पातळ दोन हात दिले, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. जिथे लाकूड लाकडाला घासतं त्या सरकपट्ट्यांवरचा रंग काढूनच टाकला आणि तिथे मेणबत्ती चोळली. ड्रॉवर आता बोटाने सरकतात. पण त्यांना मी पूर्ण तीन आठवडे बाहेरच ठेवलं, २३ मार्चपर्यंत. घरभर कपड्यांच्या चळती घेऊन आम्ही वावरलो.

वरच्या फळीला जवसाचं तेल दिलं. फडक्याने पातळ लावायचं, पंधरा-वीस मिनिटांनी जादाचं सगळं पुसून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेल साठून राहिलं तर चिकट थर बनतो. आणि एक गोष्ट मला दादाने बजावून सांगितली, ती मी जशीच्या तशी पुढे देते: ते तेलकट फडकं बोळा करून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आम्ही फडकी गॅलरीच्या कठड्यावर एकेक सुटी पसरून, पार कडक होईपर्यंत वाळवली आणि मगच टाकली.

पडद्यांचं काम आईचं. घरात दोन जुन्या डबल बेडच्या सुती चादरी होत्या, प्रत्येकी २.३ मीटर रुंद आणि २.५ लांब, फिक्या राखाडी. पुष्कळदा धुतलेल्या, म्हणजे आता आणखी आटणार नाहीत. नवं सुती कापड घेणार असाल तर कापायच्या आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात पडदा जमिनीपासून चार बोटं वर जातो. खिडकी दीड मीटर रुंद. दांडी दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर बाहेर घेतली, म्हणजे पडदे सरकवल्यावर काच झाकली जात नाही आणि खिडकी मोठी वाटते. १.८ मीटरच्या दांडीला ४.६ मीटर कापड, म्हणजे अडीच पट. दुपटीपेक्षा कमी कापड असलं की चुण्या पडत नाहीत आणि पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. दांडी जमिनीपासून २.३ मीटरवर, खिडकीच्या चौकटीच्या बरीच वर. वर ८ सेंटिमीटर दांडीची पट्टी आणि खाली १० ची दुमड धरून लांबी बरोब्बर बसली. शिलाई मशीन नाही. ८ ते १६ मार्च रोज संध्याकाळी आम्ही दोघी समोरासमोर बसून हाताने शिवत होतो. वरच्या पट्टीला उलटी टीप घातली, कारण भार तिच्यावर येतो. खालच्या दुमडीला साधी तुरपाई. दोरा एक भाग. या अकरा आठवड्यांतला माझा सगळ्यात आवडता आठवडा हाच. टीव्ही बंद असायचा आणि आई तिच्या लहानपणीच्या घराबद्दल बोलायची.

भिंतीला फॉइल मी दर पंधरवड्याला लावत होते. ८ मार्चला पाठ अजून ओली. २२ मार्चला नुसती दमट. मधल्या काळात भिंतीवर मिठासारखी पांढरी पूड फुटली, तेव्हा मी घाबरले. भिंत वाळताना आतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं आणि ते मागे राहतात. म्हणजे ती पूड वाळण्याचीच खूण होती. ती ओल्या फडक्याने पुसू नका, क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. कोरड्या ताठ ब्रशने झाडून, पूड केरसुणीने गोळा करून टाकायची. खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी होती, ती पातळ केलेल्या ब्लीचने खिडक्या उघड्या ठेवून पुसली. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही साफसफाईचं द्रव्य मिसळू नका, विषारी वायू होतो.

२९ मार्चला शेजारच्या काकांनी त्यांच्या बागेच्या नळीने बाहेरून खिडकीवर अर्धा तास पाणी मारलं. आत मी चौकटीखाली हात ठेवून उभी होते. ५ एप्रिलला फॉइल काढली, दोन्ही बाजू कोरड्या. काढलेला तो चौकोन मी वहीत चिकटवून ठेवला आहे.

रंगाची छटा मी निवडली असं म्हणता येणार नाही. रंगांच्या दुकानांत गिऱ्हाइकाने छटा जुळली नाही म्हणून परत केलेले डबे असतात आणि ते बरेच स्वस्तात देतात. तीन दुकानांत विचारलं. तिसऱ्या ठिकाणी दोन लिटरचा, आतल्या भिंतींचा, वाळक्या गवतासारख्या फिक्या पिवळसर हिरव्या छटेचा डबा मिळाला. असा डबा उघडून बघूनच घ्यावा. ढवळल्यावर गुठळ्या राहत असतील किंवा आंबूस कुबट वास येत असेल तर नको. एका मोठ्या पुठ्ठ्याला दोन हात देऊन तो पुठ्ठा खोलीत चार ठिकाणी ठेवून पाहिला, सकाळी आणि दिव्यातही. दिव्याखाली तो जास्त पिवळा दिसत होता, पण पडद्यांच्या राखाडीशेजारी छान वाटत होता. रंग आणि भिंतीचा प्रायमर मिळून चोवीस भाग.

६ एप्रिलला सगळे सैल पोपडे पत्र्याने खरवडले, पुट्टी पातळ थरांत दोनदा भरली, वाळल्यावर १८० च्या कागदाने हात फिरवून सपाट केली. सपाटपणा डोळ्यांपेक्षा तळहाताला कळतो. अंधारात टॉर्च भिंतीला लावून तिरका मारला की राहिलेले खळगेही दिसतात. पुट्टीवर थेट रंग लावला तर ती तो असमान शोषते आणि डाग दिसतात, म्हणून आधी प्रायमर. १२ आणि १३ एप्रिलला रंग. कडा ब्रशने आधी, पण सगळ्या भिंतीच्या एकदम नाही. हातभर कडा ब्रशने, मग लगेच तेवढा भाग रोलरने, म्हणजे ओल्यात ओलं मिसळतं आणि जोड दिसत नाही. यावेळी दोन हातांमध्ये चार नाही, सहा तास थांबले. टेप मात्र रंग पुरता वाळायच्या आत तिरका ओढून काढायचा, उशीर झाला की कडेचा रंगही घेऊन येतो.

१९ एप्रिलला काकांचं ड्रिल मागून आणलं. बटणाच्या किंवा प्लगच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, तारा तशाच गेलेल्या असतात. चौकटीवरून माप घेतलं आणि छतावरूनही घेतलं, दोन्हींत दीड सेंटिमीटरचा फरक. कुठलं खरं? काकांनी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन बाजूंना धरायला लावली. पाणी दोन्हीकडे जिथे थांबतं ती समान उंची. तिथे पेन्सिलची खूण केली. सहा मिलिमीटरची गिट्टी (भोकात बसवायची, स्क्रू धरून ठेवणारी नळी), ड्रिलचं सहाचंच पान, आणि किती खोल जायचं ते कळायला पानाला टेपची पट्टी. "अगं, घाबरू नकोस, काटकोनात धर आणि ड्रिललाच जाऊ दे," काका शेजारी उभे राहून सांगत होते. चार भोकं, चारही मी पाडली. नवी भिंत धुळीने माखू नये म्हणून प्रत्येक भोकाखाली कागदाची घडी टेपने चिकटवून खिसा केला होता.

फळ्या नाहीत म्हणून फोटोंच्या चौकटी कपाटावरच भिंतीला टेकवून ठेवल्या, मोठी मागे, लहान पुढे. जुन्या टीशर्टच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून ओढल्या की त्या गुंडाळून दोरीसारख्या होतात, त्यांचं एक शिंकं विणलं आणि पडद्याच्या दांडीच्या टोकाला एक हलकी कुंडी टांगली. पण दांडीवर भार नको म्हणून आठवड्याभराने ती काढून कपाटावर ठेवली.

शेवटचा हिशेब: भिंतीचा रंग आणि प्रायमर २४, कपाटाचा रंग आणि प्रायमर १९, पॉलिश पेपर, पुट्टी, मास्क १४, ब्रश, रोलर, टेप १३, दांडी, आधार, स्क्रू ११, शिशाची तपासणी ६, जवसाचं तेल ५, दोरा १. एकूण ९३. उरलेला रंग एका छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवलाय. हवा कमी राहिली की वर साय धरत नाही. ही छटा पुन्हा मिळणार नाही, म्हणून बाटलीवर तारीख आणि डब्यावरचा क्रमांक लिहून चिकटवला. घरमालकांना नव्या भिंतीचे आणि चार भोकांचे फोटो पाठवले, त्यांची पोच जपून ठेवली.

काल रात्री जोराचा पाऊस झाला, काम संपल्यानंतरचा पहिलाच. दोन वाजता जाग आली. टॉर्च घेऊन बाहेरच्या खोलीत गेले तर आई आधीच तिथे होती, अंधारात, खिडकीखालच्या भिंतीवर तळहात ठेवून. मीही शेजारी ठेवला. कोरडी होती.